बांधावरच्या लिंबावर माळा बांधायचाय, जाणकारांनी सांगावं

कोरडवाहू_उत्तरसोलापूर

नमस्कार मंडळी. नान्नजच्या अलीकडं आमचं साडेचार एकर रान आहे. दोन एकर मालदांडी ज्वारी, एक एकर हरभरा, उरलेल्यात तूर. माळढोक अभयारण्याचं माळरान आमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी त्याचं कौतुक वाटायचं, अजूनही वाटतं. पण ज्वारी वीतभर झाली की पंधरा-वीस काळविटांचा कळप उतरतो आणि पहाटे बघावं तर ओळीच्या ओळी शेंड्यातून खुडलेल्या. हरभऱ्याचं तर विचारूच नका. पुढं कणसं भरली की रानडुकरं येतात. ती खातात थोडं, लोळवून आडवं जास्त पाडतात.

आजवर वडील रानात बाज टाकून जागायचे. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी सोलापुरात नोकरीला, संध्याकाळी गाडीवर गावी येतो, त्यामुळं यंदा राखण माझ्याकडं आली. बाजेवरून ज्वारी कमरेच्या वर गेली की पलीकडचं काही दिसत नाही, शिवाय रानात घोणस निघते. म्हणून माळा, म्हणजे राखणीला बसायची उंच बैठक, बांधायचा ठरवलंय.

बांधावर आजोबांनी लावलेला लिंब, म्हणजे कडुलिंब, आहे. बुंधा माझ्या कवेत मावत नाही. नऊ-दहा फुटांवर त्याला तीन जाड फांद्या फुटल्यात, बैठकीला जागा अगदी तयार. मी मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघितले. तिकडं हरणाच्या शिकारीसाठी लोक घरीच झाडावरची बैठक करतात, पंधरा-वीस फुटांवर, लाकडी पट्ट्या आणि लांब स्क्रू वापरून. तिकडं परवाना मिळतो, हंगाम ठरलेला असतो. मला शिकार करायची नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. मला फक्त पीक राखायचंय, पण बांधणी तशीच करावी असं मनात आहे.

लिंबात पाच इंची खिळे मारले तर चालतील का? उंची किती ठेवू? लोखंडी अँगल वापरू की कळक, म्हणजे बांबू? झाड आजोबांच्या हातचं आहे, त्याला इजा झाली तर वडिलांना फार लागेल.

बार्शीकर_शेतकरी

खिळ्यांनी लिंबाला काही होत नाही. आमच्या लिंबाला वीस वर्षं जनावरं बांधायची कडी ठोकलेली आहे, झाड जोमात आहे. अँगलची चौकट वेल्डिंग करून घ्या आणि फांद्यांत अडकवून टाका. एका दिवसाचं काम आहे.

कळकवाले_काका

बाळ, लिंबावर बांधू नकोस. बार्शीकरांचं कडीबद्दलचं म्हणणं खरं असेल, झाड मरायचं नाही. पण कडीवर माणूस बसत नाही.

मी मोहोळ तालुक्यातला. माझं वय 61. 2009 साली मी माझ्याच हातानं बांधलेल्या माळ्यावरून पडलोय, म्हणून लांबण लावतो, समजून घे. बाभळीवर बांधला होता, पाच इंची खिळे मारून. तीन हंगाम मजेत गेले. चौथ्या वर्षी चढायच्या आधी सगळे खिळे बघितले, डोकी जागेवर, हलवून पाहिलं तर घट्ट. मध्यरात्री कूस बदलली आणि एका बाजूनं सगळं खाली आलं. नंतर बघितलं तर खिळे आतून गंजून काडीएवढे झालेले आणि भोवतीचं लाकूड काळं पडून कुजलेलं. बाहेरून दिसायचं काहीच कारण नव्हतं. झाड वाऱ्यानं दर दिवशी हलतं, खिळा त्याच्याबरोबर हलत नाही, भोक मोठं होत जातं, त्यात पाणी मुरतं. उंची नऊच फूट होती. उजवं मनगट आणि खुब्याचं हाड गेलं. सकाळी दूधवाला येईपर्यंत मी तिथंच पडून होतो. त्या साली ज्वारी कुणी राखलीच नाही.

तेव्हापासून मी माळा चार पायांवर, झाडापासून सुटा बांधतो. आमच्या वडिलांच्या काळी तसाच असायचा. बाभळीच्या चार मेढी, म्हणजे खांब, घे, वरची बेचकी मजबूत असलेल्या. आडवे वासे त्या बेचक्यात बसतात, म्हणजे भार लाकडावर लाकूड असा येतो आणि दोरीला फक्त वासा जागेवर धरून ठेवायचं काम उरतं. हा फरक नीट लक्षात घे. नुसत्या दोरीच्या जोरावर लटकलेला वासा रात्रीतून इंच इंच सरकतो.

आता काळ्या रानाचं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. दीड फूट पुरलेली मेढ पुढच्या वर्षी डुगडुगणारच. मुरूम लागेपर्यंत खणायचं. तुझ्याकडं माळालगतची जमीन आहे, दोन-अडीच फुटांत लागावा. पुरायच्या टोकाला डांबर लाव, नाहीतर वाळवी पोखरते. मेढी सरळ उभ्या करायच्या नाहीत, पायथा बाहेर फाकलेला ठेवायचा, वरच्या बैठकीपेक्षा खाली हातभर जास्त रुंद. चारही बाजूंना तिरक्या कैच्या, म्हणजे मेढीमेढीला जोडणारी आडवी-तिरकी लाकडं, मार. कैच्या नसलेला माळा तुझ्या वजनानं मोडत नाही, तू कूस बदललास की झोके खात खात मोडतो.

बैठकीच्या तळाला कळक टाक. कळक जून घे, तीन वर्षांच्या पुढचा. कोवळा हिरवा घेतलास तर भुंगा लागून पीठ पडायला लागतं. बांधताना दोरीचा वेढा पेराच्या गाठीला लागून घे, गुळगुळीत भागावर घेतलास तर दोरी घसरते. नायलॉन तर फारच घसरते. मी सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, वापरतो आणि दर पंधरा दिवसांनी सगळे वेढे हातानं चाचपतो.

उंचीचं म्हणशील तर पंधरा-वीस फूट शिकाऱ्याला लागतात, तुला नाही. त्याला हरणाच्या नजरेत यायचं नसतं, वास जाऊ द्यायचा नसतो, पानांत दडायचं असतं. आपण कळपाला दिसायला पाहिजे, आपला खाकरा त्याला ऐकू गेला पाहिजे. मालदांडी पुरुषभर वाढते, कधी त्याच्याही वर. माळ्याचा तळ आठ फुटांवर ठेवलास तर बसल्या जागी तुझी नजर दहा-साडेदहा फुटांवर जाते. तेवढी बास. शिकारी वारा बघून बसतो तसा तूही बघ, पण उलटा. पहाटवारा कुठून येतो ते आधी चार दिवस बघून ठेव आणि कळप ज्या अंगानं शिरतो त्या अंगाला तुझा वास जाईल असा माळा उभा कर. निम्मं काम वाराच करतो.

लिंब राहू दे सावलीला.

माळावरची

काकांचं वाचून अंगावर काटा आला. दादा, मी दक्षिण सोलापुरातली. घरचं रान मीच बघते. बांधणीतलं मला काकांएवढं कळत नाही, पण तीन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली करंटची. राखणीला कंटाळून लोक कुंपणाच्या तारेत थेट लाइनचा करंट सोडतात. आमच्या शिवारात असाच एक पोरगा गेला. तार दुसऱ्याची, पोरगा पाणी धरायला निघालेला. त्याची आई अजून माझ्यासमोर बांधावर येऊन बसते, मला तिच्याशी काय बोलावं ते कळत नाही. तुमच्या भागात कुणी असं सुचवलं तर तिथल्या तिथं अडवा. सौर झटका मशीन वेगळं असतं. त्याचा झटका क्षणभराचा, थांबून थांबून येतो. जनावर दचकतं, मरत नाही.

दुसरी, काळवीट आणि चिंकारा दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. 1972 चा कायदा, कमीत कमी तीन वर्षं कैद आणि सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. तुम्ही शिकार करणार नाही हे कळलं. पण माळ्यावर रात्री चार पोरं गप्पांना जमतात आणि एखादा फासक्या घेऊन येतो. माळा तुमचा म्हणजे नाव तुमचं. गोफण ठेवा ती चिमण्या-राघूंसाठी, कळपावर धोंडा घालू नका. डबा वाजवला तरी काळवीट पळतो, फार भित्रं जनावर आहे.

तिसरी, नुकसान झालं तर वनविभागाकडं भरपाईचा अर्ज तीन दिवसांच्या आत करायचा असतो. पंचनाम्याच्या आधी रान नांगरून मोकळं करू नका. आम्ही पहिल्या वर्षी ही चूक केली आणि हात हलवत परत आलो. खाल्लेल्या ओळींचे आणि खुरांच्या ठशांचे फोटो त्याच सकाळी काढा.

आणि वीज! परतीच्या पावसात किंवा वळवाच्या दिवसांत ढग गडगडले की माळ्यावरून उतरायचं आणि लिंबाखालीही थांबायचं नाही. उघड्या माळावर उंच असेल त्यावर ती पडते. सरळ घर गाठा.

कोरडवाहू_उत्तरसोलापूर

ताई, काका, मनापासून आभार. वडिलांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मेढीचा माळा आमच्या म्हाताऱ्यानंपण बांधला होता, मला आठवला कसा नाही." काका, एक विचारायचंय. व्हिडिओतले लोक अंगात पट्ट्यांचा बेल्ट घालून झाडाला अडकवतात. आठ फुटांना त्याची गरज आहे का?

कळकवाले_काका

माझं हाड नऊ फुटांवरून मोडलं, तूच ठरव. माणूस पडायला फार काही लागत नाही. डुलकी लागते, कूस बदलते, नाहीतर पहाटे उतरताना गारठलेले पाय पायरी चुकतात. मोबाईल टॉवरवर चढणारी पोरं अंगभर घालतात तो बेल्ट घे. नुसता कमरेचा घेऊ नकोस, त्यानं पोट आवळून जीव जातो. दोरी डोक्याच्या वर बांध आणि आखूड ठेव, बसल्यावर जेमतेम सैल राहील इतकी. लांब दोरीनं पडून लटकलास तर वर चढता येत नाही, आणि बेल्टमध्ये तसंच लोंबकळत राहणंही धोक्याचं असतं. दोरी बांधायला एक मेढ बाकीच्यांपेक्षा उंच घे, तिला डोळ्यासमोर हलवून बघ.

शिडी तळाच्या वर तीन फूट निघालेली हवी, धरायला. चढता-उतरता दोन हात एक पाय नाहीतर दोन पाय एक हात टेकलेलाच असला पाहिजे. बॅटरी, थर्मास, घोंगडी हातात घेऊन चढायचं नाही, वर जाऊन दोरीनं ओढून घ्यायचं. उतरताना आधी खाली बॅटरी मारून बघ, शिडीच्या बुडाला घोणस वेटोळं घालून बसलेली मी दोनदा बघितलीय. वर कडबा अंथरलास तर बिडी-काडी, शेकोटी काहीही माळ्यापाशी आणायचं नाही.

कोरडवाहू_उत्तरसोलापूर

मंडळी, झाला माळा. रविवार धरून चार दिवस लागले. मेढी गावातच मिळाल्या, चुलत्यांच्या बांधावरच्या पडलेल्या बाभळीच्या. मुरूम सव्वादोन फुटांवर लागला. कळक, सुंभ, डांबर आणि बेल्ट मिळून चार हजारांच्या आत बसलं, त्यात निम्मे बेल्टचेच. एक मेढ किंचित मुरगळलेली आली, म्हणून त्या बाजूला कैची दुहेरी घातली. वडील खुर्ची टाकून बसले होते. प्रत्येक वेढा त्यांनी काठीनं ठोकून तपासला आणि दोन मला सोडून परत बांधायला लावले.

वाऱ्याचं काकांचं म्हणणं तंतोतंत निघालं. आमच्याकडं पहाटे वारा उगवतीकडून येतो आणि कळप मावळतीच्या पाणंदीनं शिरतो. माळा उगवतीच्या बांधाला घेतला.

काल पहिली रात्र. साडेचारच्या सुमाराला बॅटरी न लावता नुसता बसलो होतो. चांदणं होतं. पाणंदीच्या तोंडाशी सतरा जण उभे राहिले, पुढं एक काळा नर, शिंगं वर करून वास घेत होता. मी काहीच केलं नाही, डबासुद्धा वाजवला नाही. तो वळला, मग बाकीचे वळले आणि माळरानाकडं उड्या मारत निघून गेले. एवढ्या जवळून, एवढ्या शांतपणे मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

सकाळी ज्वारीत एकही शेंडा खुडलेला नव्हता. डुकरांचं कणसं भरल्यावर कळेल, तेव्हा परत लिहितो. वडिलांना वर चढायचंय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिडी लावणार नाही म्हटलंय, तर रुसलेत.