डोक्यावर घेतलेले आणि कोपऱ्यात पडलेले सिनेमे: तुमचे अनुभव लिहा

तिसरी घंटा (कॉलेज रोड)
मंडळी, आमच्या चहाच्या टपरीवर हा वाद दर रविवारी पेटतो आणि दर रविवारी अर्धवट राहतो, म्हणून इथे काढला. एक सिनेमा असा सांगा ज्याचं फाजील कौतुक झालं, आणि एक असा ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. अट एवढीच की सिनेमा पूर्ण पाहिलेला असावा. रील्सवर पाहिलेले तुकडे धरले जाणार नाहीत. आणि नुसतं 'बोअर' लिहून पळायचं नाही.

सुरुवात मीच करतो. कुसुमाग्रजांच्या गावात राहून हे लिहितोय, तेव्हा शिव्या खायची तयारी आहे. २०१६ चा 'नटसम्राट' मला अति वाटला. त्यांचं मूळ नाटक १९७० चं, स्वगतं शेवटच्या रांगेपर्यंत पोचावीत अशी लिहिलेली. सिनेमात कॅमेरा नाना पाटेकरांच्या नाकासमोर, पण आवाज बाल्कनीसाठी लावलेला. वर पार्श्वसंगीत, म्हणजे रडायचं कधी तेही तेच सांगणार. त्याच सिनेमात विक्रम गोखले हॉस्पिटलच्या खाटेवरून बोलतात तो प्रसंग बघा. हलायची सोय नाही, सगळं डोळ्यांत आणि श्वासात. कॅमेऱ्यासमोरचा नट म्हणजे तो.

कोपऱ्यात पडलेला म्हणाल तर चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'. व्हेनिसला बक्षीस, राष्ट्रीय पुरस्कार, ऑस्करला भारताची प्रवेशिका, सगळं झालं. पण मी पाहिला तेव्हा थिएटरात जेमतेम दोन रांगा होत्या आणि त्यातले निम्मे मध्यंतरातच उठले. तक्रार एकच, 'काही घडतच नाही'. अहो, सरकारी वकील बाई कोर्टात म्हाताऱ्या शाहिराला आत ठेवायची मागणी करतात, मग लोकल पकडतात, मुलाला घेतात आणि घरी येऊन पोळ्यांना लागतात. कॅमेरा एका जागी उभा राहून हे बघतो. बाई खलनायिका असत्या तर आपण सुटलो असतो. त्या आपल्या शेजारीण निघतात, पंचाईत ती आहे.

हा सिनेमा लागला २०१५ च्या एप्रिलमध्ये. त्याच महिन्यात मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइम राखून ठेवायला लावायचं ठरलं. मग रडारड झाली आणि प्राइम टाइम दुपारी १२ ते रात्री ९ असा मोजायचं ठरलं. दुपारी १२ ला नोकरदार माणूस कुठे असतो ते सांगायला नको.

सातपूरची सून
मी 'बाईपण भारी देवा' म्हणणार, आणि ज्या मैत्रिणींबरोबर गेले त्या हे वाचणार, तरी म्हणणार. २०२३ च्या जुलैत आमच्या सोसायटीच्या बायका नऊवारी, नथ आणि गॉगल असा जामानिमा करून सिटी सेंटरला गेलो होतो. मध्यंतरात आमच्यासारखे अजून दोन गट भेटले. मग काय, लॉबीतच फुगडी. सिक्युरिटीवाला बिचारा कोपऱ्यात सरकून उभा. ती संध्याकाळ मला हवीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण पडद्यावर सहा बहिणींची वर्षानुवर्षांची अढी मंगळागौरीच्या तालमीत भराभर सुटत जाते, ते काही पटलं नाही. मला दोन नणंदा आहेत. अढी कशी असते ते मला विचारा.

बहिणींचाच बघायचा तर 'दोघी' बघा. १९९५ चा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. लग्नाच्याच दिवशी नवरामुलगा अपघातात जातो, मुलगी पांढऱ्या पायाची ठरते आणि घर चालवायला तिला मुंबईला धाडतात. तिच्या पैशावर घर उभं राहतं, पण ती परत आलेली कुणाला नको असते. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी, दोघी जेमतेम विशीच्या, आणि काय कामं केलीत! टीव्हीवर लागला तेव्हा सासूबाई आणि मी भांडी तशीच ठेवून बसलो होतो. सासूबाई मधेच म्हणाल्या, "आमच्या गावात होती गं अशी एक." पुढे काही सांगितलं नाही.

बागाईतदार, निफाड
ताईंनी बायकांचं सांगितलं, मी शेतकऱ्याचं सांगतो. सिनेमातला शेतकरी म्हटलं की भेगाळलेली जमीन, डोळ्यांवर आडवा हात आणि मागं बासरी. असले पिच्चर शहरात लई चालतात. एकाचं नाव घेत नाही, सगळ्यांना लागू आहे.

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) किती जणांनी पाहिला? विदर्भातली गोष्ट आहे. शेजारच्यानं आत्महत्या केल्यावर बायकोला धास्ती बसते की आपला नवरा पण काहीतरी करून बसेल. मग ती पोराला त्याच्या मागं लावून देते, जेवायला चांगलंचुंगलं करते. नवऱ्याला काही पत्ता नाही, तो आपला पेरणीच्या नादात. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. विषय असला आणि तरी हसू येतं, ही त्याची करामत.

आमच्याकडं गारपिटीनं काढणीला आलेला बाग झोपला, त्या हंगामात मी रात्री मोटर चालू करायला निघालो की बायको विचारायची, कुठं चालला, किती वेळ लागेल, पोराला घेऊन जा. मी चिडायचो. नंतर हा पिच्चर दोघांनी मोबाइलवर सोबत पाहिला. ती म्हणाली, "बघा." एवढंच.

निवृत्त, ओझर
'शोले' फाजील कौतुकाचा, असं कुणीतरी लिहीलच, म्हणून आधीच सांगतो: नाही. एवढ्या गाजलेल्या सिनेमाला फिल्मफेअर मिळालं एकच, संकलनाचं, आणि ते आपल्या मराठी माणसाला, एम. एस. शिंद्यांना. नाव किती जणांना ठाऊक आहे? गब्बर ठाकूरच्या घरच्यांना मारतो तो प्रसंग पुन्हा लावा आणि कापलंय कुठे ते बघा. झोक्याच्या करकरीकडे कान ठेवा.

फाजील म्हणजे 'मेरा नाम जोकर'. आपटला तेव्हा लोक चुकले होते, अशी हल्ली फॅशन आहे. लोक चुकले नव्हते. शाळेतला पहिला भाग सोन्यासारखा, पुढे दोन मध्यंतरं घेऊनही संपता संपत नाही.

जेन झी पण मराठी
काका, शोलेवर पास. माझं मत 'तुंबाड'वर. २०१८ ला आला तेव्हा फार चालला नाही, आणि २०२४ ला पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावला. कोकणातला तो पाऊस आणि वाडा, दोन्हीला तोड नाही. पण आता 'अंडररेटेड कोणता' विचारलं की वर्गातले सगळे एका सुरात हेच नाव घेतात. मग तो अंडररेटेड राहिला कसा?

माझा खरा म्हणजे 'द डिसायपल', ताम्हाणेचाच, शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या एका तरुणाची गोष्ट. बाबा काही वर्षं गाणं शिकले आणि मग सोडून बँकेत लागले. आम्ही घरीच पाहिला. नायक रात्री बाइकवरून जाताना त्याच्या गुरूंच्या गुरू माईंच्या व्याख्यानांच्या टेप्स ऐकतो, तिथं बाबांनी आवाज वाढवायला सांगितला. तो आवाज सुमित्रा भाव्यांचा आहे, सातपूरच्या ताईंसाठी माहिती. सिनेमा संपल्यावर बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले, मी काही विचारलं नाही.

त्र्यंबककर
दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, तेव्हा बोलणं आलं. त्यांच्यावरचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' गोड आहे, पण नको इतका गोड. नाशकातली हिंदुस्थान फिल्म कंपनी, भागीदारांशी बिनसणं, १९४४ साली इथेच झालेला फाळक्यांचा शेवट, यातलं त्यात काहीच येत नाही. त्यापेक्षा १९१९ चा 'कालिया मर्दन' बघा. सुरुवातीला फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. पांडवलेण्याच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात पोरांना कारंजं दाखवायला नेता ना? जाण्याआधी हे दाखवा.

इंदिरानगरवाली
तिसरी घंटा दादा, मुद्दा 'नटसम्राट'चा. माझ्या आईने सत्तरच्या दशकात डॉ. श्रीराम लागूंचं नाटक पाहिलंय, मुंबईत, अगदी मागून. तिला सिनेमा जास्त आवडतो. तिचं म्हणणं, तेव्हा मागच्या रांगेत नायकाचा, म्हणजे बेलवलकरांचा, आवाज पोचला, पण कावेरीचा चेहरा काही दिसला नाही. नवरा बोलत असताना बायको काय करते, ते तिने मेधा मांजरेकरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा कॅमेरा जवळ असल्याची तक्रार मागे घ्या, नाहीतर घरी येऊन आईला समजवा. चहा मिळेल, पोहे वादाच्या निकालावर.