शब्दचर्चा: 'डिसऑर्डर्ड प्रोटीन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

पेशीविज्ञानावरच्या एका लेखाचं मुद्रितशोधन करत होतो. त्यात 'अंगभूत विकारग्रस्त प्रथिने' असा शब्द आला आणि मी तिथेच अडलो. मूळ शब्द 'इंट्रिन्सिकली डिसऑर्डर्ड प्रोटीन'. डिसऑर्डर म्हणजे विकार, एवढं धरून तो बसवलेला दिसतो. पण ही प्रथिनं आजारी नाहीत. माणसाच्या प्रथिनांपैकी निदान एक तृतीयांशात असे ठरावीक आकार नसलेले लांब पट्टे असतात आणि निरोगी पेशीचं काम त्यांच्यावाचून चालत नाही. 'विकारग्रस्त' वाचून वाचकाची समजूत पहिल्याच ओळीत उलटी होणार.

'अव्यवस्थित' लिहून पाहिलं, पण त्यात दोष दिल्यासारखं वाटतं. 'विस्कळीत' म्हटलं की आधी नीट होतं आणि मग बिघडलं असा अर्थ निघतो, वाहतूक विस्कळीत होते तसा. दुसरा शब्द कोणता?

शिवाय हीच प्रथिनं एकत्र येऊन पेशीत द्रवासारखे कप्पे करतात, त्यांना लेखात 'पटलविरहित संघनिते' म्हटलंय. मोठ्याने वाचून बघा, जीभ अडखळते.

प्रतिसाद

'विकारग्रस्त' आधी काढा, त्याबद्दल दुमत नको.

प्रथिनाच्या 'फोल्डिंग'ला आपण घडी म्हणतोच. अमिनो आम्लांची साखळी ठरावीक पद्धतीने दुमडते आणि प्रथिनाला आकार येतो. आकारावरून काम ठरतं, ही कल्पना फार जुनी. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली ती याच विचारातून. आता या घडीभोवती मराठीत काय काय आहे ते पाहा. घडी बसते, घडी मोडते, घडी विस्कटते. उष्णतेने किंवा आम्लाने प्रथिनाचा आकार गेला, तर त्याची घडी विस्कटली म्हणावं. आणि ज्याला एकटं असताना ठरावीक घडी नसतेच, ते *बिनघडीचं* प्रथिन. इंग्रजीत 'डिनेचर्ड' आणि 'डिसऑर्डर्ड' हे दोन वेगळे शब्द लक्षात ठेवावे लागतात, मराठीत फरक ऐकताक्षणी कळतो. मी कित्येक दिवस 'अनियताकार' वापरत होतो. तो चूक नाही, पण घडीशी असलेला धागा त्यात तुटतो.

आता कप्प्यांकडे. 'कप्पा' म्हटलं की भिंती आल्या, आणि इथे भिंतच नाही. तंतुकणिकेला पटल असतं, केंद्रकाला असतं, पण केंद्रकातल्या केंद्रकीला नसतं. तरी ती वेगळी टिकते. कशी? जर्मनीत ड्रेस्डेन इथे क्लिफर्ड ब्रँगविन, अँथनी हायमन आणि त्यांचे सहकारी एका सूत्रकृमीच्या भ्रूणातले 'पी ग्रॅन्यूल' नावाचे ठिपके पाहत होते. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की हे ठिपके द्रवासारखे वागतात: केंद्रकाच्या पृष्ठभागावर पसरतात, ओघळतात, दोन ठिपके भेटले की एकजीव होतात आणि पुन्हा गोल होतात. ठिपक्यातल्या चकाकणाऱ्या प्रथिनांचा काही भाग लेसरने विझवला, तर काही सेकंदांत तिथे पुन्हा उजेड भरतो, कारण आतबाहेरचे रेणू सतत जागा बदलत असतात.

म्हणून मी सरळ थेंब म्हणेन. 'ग्रॅन्यूल' हे नाव हे सगळं कळायच्या आधीचं, त्याचं 'कण' करून आपण जुनी चूक मराठीत आणतो. कण टणक असतो. टणक वस्तू एकजीव होत नाहीत.

'संघनन' मात्र ठेवा, प्रक्रियेसाठी तो नेमका आहे. हवेत वाफ एका मर्यादेपलीकडे गेली की दव पडतं. पेशीतही प्रथिनाचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की जास्तीचं थेंबांत जमतं. मर्यादेखाली थेंबच नाहीत. बिनघडीच्या साखळ्या इथे उपयोगी पडतात, कारण त्यांच्यावर चिकटणाऱ्या जागा विखुरलेल्या असतात, टायरोसिन, आर्जिनिन वगैरे अमिनो आम्लांच्या. एकेक पकड कमजोर, पण पकडी अनेक, आणि साखळी लवचिक. त्यामुळे रेणू एकमेकांना धरतातही आणि सोडतातही. धरून ठेवलंच असतं तर थेंब झाला नसता.

'फेज सेपरेशन'चं 'अवस्थांतर' कुणी करू नये. इथे अवस्था बदलत नाही, आतही द्रव, बाहेरही द्रव. तेल-पाणी वेगळं व्हावं तसं. 'द्रवविलगन' चालेल.

प्रतिसाद

'बिनघडीचं' आवडलं, पण एक शंका. यातली काही प्रथिनं जोडीदार भेटला की घडी घेतात. क्रेब नावाच्या प्रथिनाचा एक पट्टा एकटा असताना सैल असतो, सीबीपी या दुसऱ्या प्रथिनाला बिलगला की सर्पिल होतो. मग त्याला बिनघडीचं म्हणायचं का?

प्रतिसाद

म्हणायचं. बिनघडीच्या कापडाला नंतर घडी घालता येतेच, तेव्हा 'बिलगल्यावर घडी बसते' असं लिहा. शब्द एकट्या रेणूच्या स्थितीबद्दल आहे, त्याच्या कायमच्या स्वभावाबद्दल नाही.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. 'बिनघडीची प्रथिने' आणि 'थेंब' घेतले. आणखी एक वाक्य आहे. एफयूएस या प्रथिनाचे थेंब प्रयोगशाळेत काही तासांत घट्ट होऊन तंतू बनतात आणि एएलएस या चेतापेशींच्या आजारात सापडणाऱ्या काही उत्परिवर्तनांमुळे हे लवकर घडतं. अनुवादात 'थेंब गोठतात' आहे. मला ते खटकतं.

प्रतिसाद

खटकायलाच हवं. गोठण्यात थंडीचा भास आहे, इथे तापमान तेच राहतं. 'थिजणे'ही चरबीसारखं, पुन्हा थंडीचंच. रक्त मात्र शरीराच्या उबेतही साकळतं: आधी वाहतं, मग दाटतं, मग गुठळी. थेंबाचीही वाट हीच आहे, वाहता थेंब, मग जेलसारखा दाट, मग तंतू. 'थेंब साकळतात' लिहा. आणि त्याच लेखात ताण आल्यावर पेशीत तयार होणाऱ्या आणि ताण गेल्यावर नाहीशा होणाऱ्या थेंबांचा उल्लेख असेल, तर तिथे साकळणे नको. ते *विरतात*.

मूळ प्रश्नकर्ता

आहे उल्लेख. तिथे 'नष्ट होतात' छापलं होतं. 'विरतात' केलं.