झेडपी शाळेत गॅदरिंगऐवजी बाजार भरवलाय का कुणी?

आमच्या गावच्या शाळेचा पट 43, शिक्षक दोन. दरवर्षी गॅदरिंगला मंडप, साउंड, ड्रेसचं भाडं यातच सगळी वर्गणी जाते आणि ज्यांच्याकडे ड्रेसला पैसे नसतात ती पोरं मागे बसून राहतात, ते बघवत नाही. यंदा बाल आनंद मेळावा, म्हणजे पोरांनीच मांडलेला बाजार, करावा असं सर म्हणतायत. कुणाचा अनुभव असेल तर सांगा ना.

चौथीची आई: नक्की करा! आमच्याकडे 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला भरवतो. पोरं घरून मेथीच्या जुड्या, बोरं, उकडलेल्या शेंगा, भेळ घेऊन येतात आणि पोत्यावर मांडून बसतात. माझी लेक वर्गात हातच्याच्या वजाबाकीला रडायची, तिनं त्या दिवशी 50 च्या नोटेतून 35 वजा करून 15 रुपये बरोब्बर परत दिले, नाणी मुठीत घट्ट धरून दोनदा मोजली. माझ्या डोळ्यात पाणीच आलं. फक्त तळण घरूनच आणायला सांगा, मैदानात गॅस, कढई नको.

एक पालक: आधी शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग लावा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका, पण बऱ्याच ठिकाणी त्या नुसत्या सहीपुरत्या. त्यांना बोलू द्या, बाजाराचं त्यांना जास्त कळतं.

विचारणारी: थँक्यू ताई, दादा. शनिवारी मीटिंग लावतेच, आणि बचत गटाच्या बायकांनाही बोलावते.