बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे रोजचे दिवस कसे असतात?

प्रश्न: शिक्षिका_वाई

नमस्कार. माझे वय ४३ आहे, उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ११८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४७ च्या वर. आठ वर्षांपासून मधुमेह आहे, गुडघे दुखतात आणि गेल्या वर्षापासून झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र लावून झोपावे लागते. पुण्यातील सर्जननी बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याची, शस्त्रक्रिया सुचवली असून स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणे) करायची की बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणे), हे पुढच्या भेटीत ठरेल. शस्त्रक्रिया कशी करतात, रुग्णालयात किती दिवस राहावे लागते आणि धोके कोणते, हे त्यांनी सविस्तर सांगितले, त्याबद्दल माझी शंका नाही.

माझी शंका घरी आल्यानंतरच्या दिवसांची आहे. आमचे सहा माणसांचे घर आहे आणि स्वयंपाक सासूबाई व मी करतो. शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या शिक्षिका डबे एकत्र करून जेवतो. घरी गौरी असतात, माझे एकादशीचे आणि श्रावणी सोमवारचे उपवास असतात. यातले काय टिकते आणि काय सुटते? भूक खरोखरच लागेनाशी होते का? केस गळतात आणि काही वर्षांनी वजन परत वाढते, असेही ऐकले आहे. ज्यांच्या शस्त्रक्रियेला निदान तीन-चार वर्षे उलटली आहेत त्यांनी लिहिल्यास उपकार होतील, कारण सहा महिन्यांत किती बारीक झाले याचे फोटो मी पुष्कळ पाहिले आहेत, पण सहा वर्षांनंतरचे फोटो कोणी टाकत नाही.

उत्तर: नाशिककर_बायपास

ताई, माझा बायपास २०१७ साली झाला. तेव्हा वजन १३४ किलो होते, दीड वर्षात ते ८४ वर आले आणि नंतर थोडे चढून गेली काही वर्षे ९१-९२ च्या आसपास थांबले आहे. मी बँकेत नोकरी करतो, त्यामुळे ही सात-आठ किलोंची तफावत मला अजूनही खटकते, परंतु मधुमेहाची एक गोळी सोडली तर बाकी औषधे बंद आहेत आणि त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढताना आता मध्येच बसावे लागत नाही.

पहिले दोन आठवडे निव्वळ पातळ पदार्थांवर काढायचे असतात. भाताच्या पेजेचे वरचे पाणी, मुगाचे गाळलेले कढण, पातळ ताक आणि रुग्णालयाने सांगितलेली प्रथिनांची पावडर, एवढेच. बायपासमध्ये जठराची जी पिशवी उरते ती सुरुवातीला जेमतेम ३० मिलिलिटरची असते, म्हणून मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे मापाचे झाकण घेऊन बसत असे आणि दर काही मिनिटांनी एक घोट घेत असे. दिवसभर दुसरा उद्योगच नव्हता. तिसऱ्या आठवड्यापासून मिक्सरमधून काढलेले वरण, मग आसट खिचडी, पिठले, मऊ उकडलेले अंडे, असे करत साधारण दोन महिन्यांनी घरातलेच जेवण लहान मापाने सुरू झाले.

भूक लागत नाही हे अर्धे खरे आहे. पहिले वर्षभर पोटाला भूक जवळजवळ नव्हतीच आणि मी घड्याळ पाहून ताटावर बसत असे. चार वाजता चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकावे ही इच्छा मात्र रुग्णालयातून घरी आलो त्या दिवशीही जशीच्या तशी होती. जीभ आणि पोट ही दोन वेगळी खाती आहेत, हे मला त्या दिवशी समजले.

घास अडकण्याबद्दल कोणी आधी पुरेसे सांगत नाही. गरम मऊ पोळी घाईने खाल्ली तर छातीच्या मध्यभागी दगड ठेवल्यासारखे होते, तोंडाला पाणी सुटते आणि उठून मोरीकडे जावे लागते. भात आणि पोळी यांपेक्षा वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी मला लवकर मानवली. प्रत्येकाचे यात वेगळे असते. जेवणाच्या अर्धा तास आधीपासून नंतरच्या अर्ध्या तासापर्यंत पाणी प्यायचे नाही, हा नियम मला सर्वांत जड गेला, कारण पाण्याचा तांब्या शेजारी नसेल तर जेवायला बसल्यासारखे वाटत नाही अशी माझी आयुष्यभराची सवय होती.

गोडाचेही सांगतो. भाच्याच्या मुंजीत दोन जिलब्या खाल्ल्या आणि पाऊण तास कार्यालयाच्या मागच्या खोलीत घामाघूम होऊन आडवा पडलो. छाती धडधडत होती, पोटात कळा येत होत्या. याला डम्पिंग म्हणतात. गोड पदार्थ जठरात न थांबता थेट लहान आतड्यात उतरल्यामुळे हे होते आणि बायपास झालेल्यांना हा त्रास अधिक होतो. केस चौथ्या महिन्यात मूठमूठ गळू लागले आणि वर्ष भरायच्या आत परत आले. थंडी मात्र पूर्वीपेक्षा फार वाजते, त्यामुळे डिसेंबरात मी शाखेत स्वेटर घालून बसतो आणि सहकारी हसतात.

उत्तर: आहारतज्ज्ञ_पुणे

मी या रुग्णांच्या आहाराचे काम करते, त्यामुळे वरील अनुभवाला काही जोड देते. डम्पिंगला कोणी पहारेकरी समजू नये. काही जणांना तो त्रास होतच नाही, स्लीव्हनंतर तो तुलनेने कमी आढळतो आणि ज्यांना होतो त्यांचाही कालांतराने सौम्य होऊ शकतो, त्यामुळे गोड खाल्ले की शरीरच अडवेल या भरवशावर राहणारे फसतात. भुकेविषयी सांगायचे तर, स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होते. भूक मंदावते ती यामुळे, पण वर्ष-दीड वर्षानंतर ती बऱ्याच अंशी परतते. त्या आधीच्या काळात ताटाची जी शिस्त लागते, तीच पुढे उपयोगी पडते.

रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत आणि शाकाहारी मराठी घरात हे गणित अवघड असते. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा आणि १०० ग्रॅम पनीरमधून साधारण १८. वाटीभर वरण संपवायलाच पहिल्या काही महिन्यांत अर्धा तास लागतो, म्हणून पावडरीला कमीपणा मानू नये. ताटात आधी उसळ, पनीर किंवा अंडे संपवावे, मग भाजी आणि जागा उरली तर भाकरी. डबे एकत्र करून जेवायला काहीच हरकत नाही, मात्र आपला डबा आपल्यापुरता वेगळा ठेवावा, कारण प्रत्येकीच्या डब्यातला एकेक घास घेतला की पोट भरते आणि प्रथिने राहून जातात.

उपवास कायमचे सोडा असे मी सांगत नाही, पण पहिले वर्ष ते नकोत, आणि निर्जळी तर कधीच नको. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट आहे. पुढे उपवास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर, राजगिरा आणि थोडे शेंगदाणे यांच्या आधाराने करावा.

गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात: मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि लोह. कॅल्शियम शक्यतो सायट्रेट स्वरूपातले घ्यावे, कारण त्याच्या शोषणासाठी जठरातील आम्लाची गरज पडत नाही. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाची गोळी चहाबरोबर कधीच घेऊ नये. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात रक्ततपासणी करावी आणि नंतर दरवर्षी. दोन-तीन वर्षे झाली की बरे वाटते म्हणून लोक गोळ्या बंद करतात, आणि हातापायांना मुंग्या येऊ लागल्यावर आमच्याकडे परत येतात.

तुमचे गुडघे दुखतात म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिते. बायपास झाला तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात, कारण त्यांनी नव्या जोडाजवळ व्रण होऊ शकतो. गावातल्या डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानदारालाही हे स्पष्ट सांगून ठेवा. तंबाखू आणि मशेरीही बंद. दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील तर घरी थांबू नका, कारण बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपते आणि त्याचा परिणाम मज्जातंतूंवर व मेंदूवर होतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप, नाडी फार जलद चालणे किंवा पोटात वाढत जाणारी वेदना असेल तर त्याच रात्री शल्यविभागात जावे. वाचणाऱ्यांमध्ये तरुण मुली असतील तर त्यांच्यासाठी एवढेच, की पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. वजन उतरताच पाळी नियमित होते आणि अनेकींना याची कल्पना नसते.

मधुमेहाविषयी वास्तव अपेक्षा ठेवावी. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही आजारातून बाहेर आलेले होते, तर दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के होते. त्यात आता मागे पडलेल्या पद्धतींच्या शस्त्रक्रिया अधिक होत्या हे खरे, तरीही मधुमेह परत येऊ शकतो हे गृहीत धरून दरवर्षी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी) तपासावे. औषधे पहिल्या आठवड्यापासूनच झपाट्याने कमी होतात, पण ती डॉक्टरांनीच कमी करायची असतात.

उत्तर: ठाणे_स्लीव्ह२०१६

आपल्याला सहा वर्षांनंतरचा फोटो हवा आहे, तर तो मी शब्दांत देते. माझे वजन ११२ वरून ७१ झाले आणि आता ८६ आहे.

हे पंधरा किलो पुरणपोळीने वाढले नाहीत. जेवण आजही पाव ताटाएवढेच आहे. वाढले ते चिवडा, बिस्किटे, फरसाण आणि आइस्क्रीम यांनी, कारण हे पदार्थ तोंडात विरघळतात, कुठेही अडकत नाहीत आणि थोडे थोडे करत दिवसभर खाता येतात. कोंबडीचा तुकडा किंवा मटकीची उसळ पोटाला थांबवते, चिवडा थांबवत नाही. तिसऱ्या वर्षी आईच्या आजारपणात मी रात्र रात्र रुग्णालयात बसून बिस्किटांचे पुडे संपवले आणि तपासणीला जाणे टाळले, कारण वजनकाट्यावर उभे राहण्याची लाज वाटत होती. जी भेट टाळावीशी वाटते तीच खरी गरजेची होती, हे तेव्हा कोणी ठणकावून सांगायला हवे होते.

दुसरे म्हणजे आम्लपित्त. मला ते आधी थोडेसे होते आणि स्लीव्हनंतर पुष्कळ वाढले; आजही मी उशी उंच करून झोपते आणि रात्रीचे जेवण साडेसातला संपवते. आपल्याला छातीत जळजळ होत असेल तर स्लीव्ह की बायपास ठरवताना ते सर्जनना अवश्य सांगावे. मी सांगितले नव्हते.

लोकांविषयीही थोडे लिहिते. पहिल्या वर्षी निम्मी माणसे विचारतात, "काही आजार तर नाही ना?" आणि उरलेली म्हणतात, "सोपा मार्ग घेतलास." दंडाखालची आणि पोटावरची त्वचा लोंबते, व्यायामाने ती पूर्ण आत जात नाही आणि ती काढण्याची शस्त्रक्रिया सौंदर्यासाठीची मानली गेल्याने विम्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. मी ती केली नाही, लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले. या सगळ्यानंतरही कोणी विचारले तर मी पुन्हा हीच शस्त्रक्रिया करीन, कारण मला आता सीपॅप लागत नाही आणि लोकलच्या पुलावर दम लागत नाही.

उत्तर: कोल्हापूरचा_नवरा

शस्त्रक्रिया माझ्या पत्नीची झाली, पाच वर्षांपूर्वी. घरच्यांनी काय करू नये, एवढेच लिहितो. सुरुवातीला मी तिच्या ताटावर पोलिसासारखा बसत असे आणि प्रत्येक घासाला काहीतरी बोलत असे. परिणामी ती माझ्यासमोर जेवेनाशी झाली. दुसऱ्या बाजूने माझी आई "एवढ्याशाने काय होतंय, अजून एक घे" असा आग्रह करायची आणि नाही म्हटले की तिला ते अन्नाचा अपमान केल्यासारखे वाटायचे. शेवटी आईला एकदा डॉक्टरांसमोर नेऊन बसवले. आता आमच्या घरात आग्रह फक्त पांढऱ्या रश्श्याचा होतो, तोही वाटीने.

शिक्षिका_वाई

सर्वांचे मनापासून आभार. मला दहा वर्षांपासून जळजळ होते आणि मी ती डॉक्टरांना सांगितलेलीच नव्हती, कारण ती आता रोजचीच वाटते. पुढच्या भेटीत पहिली गोष्ट तीच सांगेन. कोल्हापूरच्या दादांचे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मग मलाही घेऊन चल." रजेचा प्रश्न नको म्हणून मेच्या सुट्टीत शस्त्रक्रिया करावी असे वाटते, म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत पातळ आहाराचे दिवस संपलेले असतील. यात काही अडचण आहे का?

आहारतज्ज्ञ_पुणे

सुट्टीचा विचार योग्य आहे, फक्त उन्हाचा हिशेब धरा. पहिल्या महिन्यात रुग्ण परत दाखल होतात त्याचे एक नेहमीचे कारण शरीरातील पाणी कमी होणे हे असते, आणि मे महिन्यात दीड-दोन लिटर पाणी घोटाघोटाने पोटात घालणे हे दिवसभराचे काम असते. २५०-२५० मिलिलिटरच्या खुणा केलेली बाटली सोबत ठेवा आणि लघवी गडद पिवळी दिसू लागली, तर पुढच्या खुणेची वाट न पाहता रुग्णालयात फोन करा.