मदत हवी आहे : भाच्याच्या जनुक तपासणीत दोष आढळला नाही, मग डुशेन (स्नायू क्षीण करत जाणारा जनुकीय आजार) नाही असे समजावे का?

पूर्णाकाठ : आम्ही परभणी जिल्ह्यातले. भाचा सात वर्षांचा आहे. खाली बसला की मांड्यांवर हात टेकत उठतो, पोटऱ्या फुगलेल्या दिसतात आणि रक्तातले सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारे एन्झाइम) पंधरा हजारांवर आहे. डॉक्टरांनी डुशेनची शंका घेऊन जनुक तपासणी करवली, तिचा अहवाल निर्दोष आला. घरातला एक निर्णय त्यावर अडला असल्याने कृपया लवकर सांगावे.

मांजरातीर : तपासणी कोणती, ते आपण लिहिले नाही. ती एमएलपीए असेल, तर या आजारात बिघडणाऱ्या डिस्ट्रोफिन जनुकाच्या ७९ एक्सॉनपैकी (तुकड्यांपैकी) एखादा गळाला किंवा दुपटला आहे का, एवढेच तिला कळते. एखाद्या अक्षराचा बदल शोधायला सिक्वेन्सिंगच (जनुक अक्षरशः वाचून काढणे) करावे लागते, त्यामुळे एवढ्यावरून डुशेन नाही असे म्हणता येत नाही. निर्णय कोणता आहे?

बालाघाट : आपल्याकडे मामाची मुलगी करतात, त्याचे हे परिणाम. ताईंचे लग्न नात्यात झाले आहे का?

मांजरातीर : बालाघाट, थॅलेसेमियाबाबत आपले म्हणणे रास्त आहे, येथे नाही. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो, त्यामुळे वडील नात्यातले असण्या-नसण्याने काही बदलत नाही. शिवाय सुमारे एकतृतीयांश मुलांत दोष नव्यानेच उद्भवतो. तपासणीआधी आईला बोल लावणे अन्यायाचे आहे.

दुधना : आमच्या पुतण्याला शेत विकून स्टेम सेलची इंजेक्शने दिली. पहिले दोन महिने फरक वाटला. आपणही चौकशी करावी.

मांजरातीर : कृपया करू नये. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारात स्टेम सेल मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देताच येत नाहीत.

बिंदुसरा : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्नायूंचा हा आजार समाविष्ट आहे, प्रमाणपत्र काढून ठेवावे.

पूर्णाकाठ : अहवालावर एमएलपीए असेच लिहिले आहे. लग्न नात्यातले नाही. ताईला पुन्हा दिवस गेले आहेत, नववा आठवडा चालू आहे. आधीच सांगायला हवे होते.

मांजरातीर : मग एक दिवसही दवडू नका. गर्भातही हाच दोष आहे का, हे पाहण्यासाठी वारेचा नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांत घेतात, परंतु नेमके काय शोधायचे, हे भाच्यातला दोष सापडल्यावरच ठरते. आपल्याला हैदराबाद जवळ पडेल. तेथील निझाम्स इन्स्टिट्यूट हे दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातील केंद्रांपैकी आहे. भाचा आणि ताई दोघांनाही न्यावे, सर्व मूळ अहवाल सोबत ठेवावेत आणि तेथे पोहोचताच सर्वांत आधी नववा आठवडा असल्याचे सांगावे.

पूर्णाकाठ : आज रात्रीच्या गाडीने निघतो.