सासूबाई कॉकटीलला ताटातलं भरवतात. काय चालेल, काय नाही?

लालबागची_सून

नमस्कार. आमच्याकडे कॉकटील (तुरेवाला छोटा परदेशी पोपट) आहे, नर. नाव बाळ्या. दुपारी पानं वाढली की स्वारी पिंजऱ्यातून निघते ती थेट सासूबाईंच्या खांद्यावर. त्यांचं म्हणणं असं की खिडकीतल्या कावळ्यालाही आपण घास ठेवतो, मग घरातल्या पाखरासमोर एकट्याने कसं जेवायचं? त्यामुळे वरणभाताची शितं, पोळीचा पापुद्रा, संध्याकाळी चहात बुडवलेलं बिस्किट, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, सगळ्यात त्याचा वाटा असतो. डाळिंबाचा दाणा तर त्या ओठांत धरतात आणि तो चोचीने काढून घेतो. पाहुण्यांना हा कार्यक्रम आवर्जून दाखवला जातो.

त्यात भर म्हणजे दीर हल्ली जिमला जातात. सकाळी ब्रेडवर अ‍ॅव्होकॅडो लावून खातात आणि बाळ्याचा त्यावर डोळा आहे.

एरवी तो राळा आणि सूर्यफुलाच्या बिया खातो. पेलेट (पक्ष्यांसाठीचं तयार दाणेदार खाद्य) आणून बघितले, ढुंकूनही बघत नाही. सासूबाईंना नुसतं 'देऊ नका' म्हटलं तर घरात दोन दिवस अबोला. त्यांच्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागेल. काय देऊ?

परळचा_विद्यार्थी

ताई, अ‍ॅव्होकॅडो आजच बंद. चाटवायचाही नाही. त्यात पर्सिन नावाचं द्रव्य असतं, पक्ष्याच्या हृदयाच्या स्नायूंवर त्याचा परिणाम होतो. लहान पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

चहा, कॉफी, चॉकलेट, दारू, कांदा, लसूण हेही नाही. कांदा-लसूण शिजवला तरी चालत नाही. सफरचंद देताना बिया काढा, सीताफळाच्या बियाही पोटात जाऊ देऊ नका. आणि दिरांच्या शुगर-फ्री वस्तूंची पाकिटं वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) लिहिलेलं असेल तर ते बाळ्यापासून लांब.

गिरगावची_काकू

अगं सूनबाई, तुझ्या सासूबाईंचं मन मोडू नकोस, फक्त त्यांची बैठक हलव. ताटातलं द्यायचं नाही, विळीवरचं द्यायचं. आपल्या घरातला शंभरातला नव्वद टक्के त्रास फोडणी आणि मीठ यांचा असतो. तीच मेथी, तोच भोपळा, तेच मटार कढईत जाण्याआधी पक्ष्याला उत्तम. सकाळी भाजी चिरताना बाळ्याची वाटी शेजारी ठेवायची आणि पहिला वाटा त्यात. म्हणजे तो सासूबाईंच्या आधी जेवला. पुण्यही पदरात पडलं. (वाटी विळीच्या पात्यापासून हातभर लांब ठेवा. या पाखरांना चकाकतं ते सगळं चावून बघायचं असतं.)

मीठ एवढं का वाईट, ते त्यांना हिशोबाने सांग. कॉकटील असतं नव्वद-शंभर ग्रॅमचं. साठ किलोच्या माणसाशी तुलना केली तर त्याला दिलेला एक ग्रॅम चकलीचा तुकडा म्हणजे आपण बसल्या बैठकीला सहाशे ग्रॅम चकल्या खाण्यासारखं. हे ऐकल्यावर आमच्या घरातले फरसाणप्रेमी गप्प झाले होते.

आता तुझ्या यादीकडे येते. भात चालेल, वरण घालण्याआधीची चार-पाच शितं. पोळीऐवजी बिनतेल-मिठाच्या फुलक्याचा नखाएवढा तुकडा, तोही रोज नको. चहा-बिस्किट बंद. त्यात कॅफिन आहे, साखर आहे आणि वर दूध. पक्षी काही सस्तन प्राणी नाही, दुधातली साखर त्याला पचत नाही. खिचडी बंद. त्यात पिष्ट, तूप आणि मीठ, त्याच्या कामाचं काहीच नाही. चतुर्थीला त्याला उकडलेलं रताळं द्या, सासूबाईंच्याही उपासाला चालतं.

रताळं, गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर ही नावं फ्रिजवर चिकटवून ठेव. नुसत्या बियांवर वाढलेल्या पक्ष्यांना 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं. मग तोंडातली, नाकातली त्वचा जाड होते आणि जंतुसंसर्ग होत राहतो. सूर्यफुलाच्या बियांत तेल भरपूर, त्याने पक्षी सुटतो आणि यकृताला चरबी धरते. त्या वाटीत ओतून ठेवायच्या नाहीत, हातावर आला की बक्षीस म्हणून एखादी. पालक अधूनमधून. त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अंगी लागू देत नाही.

हिरवी मिरची खुशाल द्या. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. आपल्या जिभेची आग करणारं कॅप्सेसिन त्यांच्या मज्जातंतूंना जाणवत नाही, म्हणून तर रानात पाखरं मिरच्या खाऊन बिया लांबवर टाकतात. मिरची हो, ठेचा नाही.

फळांत डाळिंब, पेरू, पपई चालतं, पण थोडं. कॉकटील मूळचं ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातलं, गवताचं बी टिपणारं. त्याला रोज फळांचा थाट नको. फळ जास्त झालं की विष्ठा पातळ दिसते, त्याला लगेच जुलाब समजू नका. बीट दिलंत तर लाल दिसेल, तेव्हाही किंचाळू नका.

ओठांतून दाणा देणं मात्र थांबवा. माणसाच्या लाळेतले जंतू पक्ष्याला बाधतात. पाहुण्यांना शीळ ऐकवा, नर कॉकटील छान शिकतात.

आणि दिरांचा ब्रेड नॉनस्टिक तव्यावर भाजता का? विचारण्याचं कारण आहे.

माहीमचा_मन्या

काकू, एवढं कुठे असतं? आजोबांचा हिरवा पोपट चहा-खारी खायचा, शेव खायचा. कित्येक वर्षं जगला की.

गिरगावची_काकू

जगला असेल. नीट सांभाळलेला हिरवा पोपट पंचवीस-तीस वर्षंही जगतो, मग तुझ्या आजोबांचा खारीमुळे जगला की खारी असूनही, हे कसं ठरवणार? पक्षी दुखणं लपवतो. खाली बसेपर्यंत कळत नाही.

आणि तो हिरवा पोपट आता पाळता येत नाही बरं का. आपल्याकडचे देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. कुणाकडे असेल तर वनविभागाला कळवायचं. कॉकटील परदेशी, त्याची गोष्ट वेगळी.

लालबागची_सून

काकू, विळीची युक्ती चालली! सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे नैवेद्य आधी." दिरांचा तवा नॉनस्टिकच आहे. काय होतं त्याने?

अजून दोन गोष्टी. त्या मटकीला मोड आणतात, ती देऊ का? आणि भाजलेले शेंगदाणे?

परळचा_विद्यार्थी

तवा रिकामा तापत राहिला आणि साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर गेला की त्याच्या टेफ्लॉनच्या (नॉनस्टिक) थरातून विषारी वायू निघतो. आपल्याला वासही येत नाही, पक्षी काही मिनिटांत जातो. लालबागच्या खोलीत स्वयंपाकघर आणि पिंजरा यांत अंतर असतं तरी किती! तवा लोखंडी घ्या.

बाळ्या पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होऊ लागली तर घरगुती उपाय करू नका, परळचं जनावरांचं हॉस्पिटल तुम्हाला जवळच आहे. चुकून काही खाल्लं असेल तर ते काय आणि किती, हे लिहून न्या, आणि वेष्टनही.

गिरगावची_काकू

मटकी-मूग उत्तम. नुकतं नाक फुटलं की द्यायचे, लांब मोड येईपर्यंत थांबायचं नाही. आपल्या दमट हवेत फडक्यात बुरशी धरते. दोन-तीनदा धुऊन द्या. राजमा आणि वाल कच्चे कधीच नाही, पूर्ण शिजवून, बिनमिठाचे. ओलं काहीही वाटीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

शेंगदाण्यांचं पावसाळ्यात जपून. जुन्या, दमट दाण्यावर बुरशी येते, तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृतावर जातं. ताजे, खारे नसलेले, दाताखाली खवट न लागणारे असतील तर अर्धा दाणा. आधी स्वतः खाऊन बघायचा. आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर रविवारी बाळ्याचं वजन घ्या, सकाळी, दाणे द्यायच्या आधी. पेलेटचंही याच्याबरोबरच सुरू करा. चुरा करून ओल्या गाजराच्या किसावर भुरभुरवा, घाई नको. वजन खाली जायला लागलं तर परत राळा वाढवा.