'घरचे लोक' ग्रुप: तिकीट, पर्जन्यमापक आणि कब्ज

बंटी: आजचा पाऊस १८.४ मिमी 🌧️

आबा: किती वाजता मोजलास?

बंटी: साडेनऊ. उठायला उशीर झाला

आबा: मग हा आजचा नव्हे. साडेआठ म्हणजे साडेआठ. त्यानंतर पडलं ते उद्याच्या खात्यात जातं. तू दोन दिवसांची भेळ केलीस. रजिस्टरमध्ये पेन्सिलने लिही आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढ.

वहिनी: आबा, तो छत्री घेऊन गच्चीवर गेला हेच खूप समजा. एरवी चहासुद्धा हातात लागतो. पण तुमच्याकडे अमेरिकेत रात्रीचे अकरा ना? झोपला नाहीत?

आई: मॅच होती. संपून तास झाला. आता मॅचच्या कागदावर हिशेब मांडून बसलेत. इतकं टापटीप पासबुक कधी भरलं नाही.

दादा: सगळे जागे आहात तर तुमच्या परतीच्या तिकिटाचं उरकून टाकू. गणपतीच्या आठ दिवस आधीचं आज बरं मिळतंय. काढू का?

आबा: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचं बघ. एप्रिलच्या मध्यावर आलोय, सहा महिन्यांच्या मुक्कामात बसतं.

आत्या: अरे, गौरी-गणपतीला घरात मोठं माणूस नको? प्राणप्रतिष्ठा कोण करणार? तिथे एवढं काय ठेवलंय?

ताई: आत्या, कब्ज 😄 ऑक्टोबरात प्लेऑफ असतात. पोचले तर.

आत्या: अगंबाई, मग रात्री इसबगोल देत जा त्याला. तिथे पालेभाजी कमीच पोटात जात असणार.

बंटी: 😂😂😂 मेलो

आबा: संघाचं नाव आहे ते. कब म्हणजे अस्वलाचं पिल्लू. शिकागो कब्ज. बेसबॉल.

आत्या: पिल्लांसाठी गणपती सोडतोस?

आबा: सविस्तर लिहितो. पहिला महिना कसा गेला हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. सकाळी आठला पोरं कामाला. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या या गल्लीत दिवसभर चिटपाखरू नाही. एप्रिलात एकदा बर्फसुद्धा भुरभुरलं. गाडी चालवता येत नाही, म्हणजे टपालपेटीपर्यंत जायचं आणि परत यायचं, हाच फेरफटका. तुमच्या आईने मागे मेथी पेरली, ती सशांनी खाल्ली.

आई: दोनदा खाल्ली. आता जाळी लावली आहे. ती मी लावली, हे लिहा.

आबा: लावली. तर मे महिन्यात जावईबापू रिग्ली फील्डला घेऊन गेले. कब्जचं १९१४ चं मैदान. मेट्रा लोकलने युनियन स्टेशन, मग रेड लाइन मेट्रोने ॲडिसन, उतरलं की समोरच. निघताना कडक ऊन, शर्टावर गेलो. दोनच्या सुमारास वारा फिरला, सरोवराकडून यायला लागला आणि अर्ध्या तासात हुडहुडी भरली. मी पिशवीतून माकडटोपी काढली. जावईबापू जरा लांब सरकून बसले.

ताई: फोटो आहे. टाकू?

आबा: नको. शेजारी माझ्याच वयाचा एक गृहस्थ होता. त्याने बसल्याबसल्या आधी खेळाडू पाहिले नाहीत, छपरावरचे झेंडे पाहिले. म्हणाला, आज वारा आत आहे, रन कमी होणार. मी म्हटलं, हा तर आपल्या हवामान खात्यातला!

बंटी: वाऱ्याने एवढा फरक पडतो?

आबा: शाळेत खारे वारे, मतलई वारे शिकलास ना? दिवसा जमीन तापते, पाणी थंड राहतं, वारा पाण्याकडून येतो. मिशिगन सरोवराचं पाणी गोडं, म्हणून मी यांना गोडे वारे म्हणतो. ते ईशान्येकडून आले की उंच मारलेला चेंडू हवेत मरतो. वारा नैर्ऋत्येचा असला की साधा झेलसुद्धा कुंपणाबाहेर. १७ मे १९७९ ला असाच बाहेर वाहणारा वारा होता. फिलाडेल्फिया २३, कब्ज २२.

दादा: बेसबॉलमध्ये २३? एरवी चार-पाचच होतात ना?

आबा: तेच तर. आणि २२ करून हरले! १९०८ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाचं अजिंक्यपद, जिंकले होते, त्यानंतर थेट २०१६. मध्ये १०८ वर्षं.

आत्या: एकशे आठ?

आबा: हो, माळेचे मणी. चेंडूवरचे दुहेरी टाकेसुद्धा १०८. मी भिंग लावून मोजले.

आई: दोन दुपारी त्यात गेल्या. पण खरंच भरले.

आत्या: हे मला आवडलं हो.

आबा: आणि ऐक. २०१६ ची शेवटची मॅच क्लीव्हलंडला. नऊ डाव संपले, ६-६. तेवढ्यात पाऊस. १७ मिनिटं खेळ बंद. आतल्या खोलीत हेवर्ड नावाच्या खेळाडूने सगळ्यांना गोळा करून धीर दिला. बाहेर आले, दहाव्या डावात दोन रन काढले, समोरच्यांना एकच, ८-७. आम्ही ३४ वर्षं पावसापायी शिव्या खाल्ल्या. इथे पावसाने कप मिळवून दिला.

दादा: आबा, वारा-पाऊस समजलं. पण बघता बघता आवडणं वेगळं आणि हे रोज कागद भरणं वेगळं.

आबा: कागदामुळेच आवडलं. त्या गृहस्थाने शिकवलं. मैदानात खेळाडू उभा राहतो त्या प्रत्येक जागेला आकडा. चेंडू शॉर्टस्टॉपकडून सेकंड, तिथून फर्स्टला गेला आणि दोघे बाद, की लिहायचं ६-४-३. तीन स्ट्राइकवर बाद झाला तर इंग्रजी के. बॅट न हलवता नुसता बघत उभा राहून बाद झाला तर उलटा के.

बंटी: गणिताच्या पेपरला माझा उलटा के होता

वहिनी: हे आत्ता कळतंय मला. खाली ये जरा.

आबा: निवृत्त झाल्यापासून हात शिवशिवत होता रे. पुण्याच्या सिमला ऑफिसात रोज ठरल्या वेळी काहीतरी लिहायचं असायचं. गच्चीवरचं पर्जन्यमापक आहे, पण ते पावसाळ्यापुरतं. इथे १६२ मॅचेस, जवळजवळ रोज एक.

(बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही. दादाने एक अंगठा टाकून काढून घेतला.)

बंटी: आबा, एक हिशेब केलाय. तिथली संध्याकाळी ७:०५ ची मॅच म्हणजे इथे पहाटे ५:३५. हल्ली घड्याळ लावून बॉल टाकायला लावतात, त्यामुळे पावणेतीन तासांच्या आत उरकते. म्हणजे सव्वाआठला संपली.

आबा: पुढे?

बंटी: पुढे पंधरा मिनिटांत गच्ची. साडेआठ.

आबा: दुपारच्या मॅचेस १:२० ला असतात.

बंटी: त्या रात्री ११:५० ला. त्या मी बघून लिहून ठेवीन. मी जागाच असतो

वहिनी: हेही आत्ताच कळतंय.

आबा: उलटा के कळतो का तुला नीट?

बंटी: शिकवा

आबा: दादा, गणपतीच्या आधीचं काढ. खिडकीची सीट दे. पंखावरची नको, ढग दिसत नाहीत.

आत्या: मोरया 🙏

आई: माझी मेथी आता कुठे हातभर आली. मला विचारलं कुणी?

ताई: आई, जाळीकडे मी बघते.

आई: तू! बरं.

(दुसऱ्या दिवशी)

बंटी: ८:३०. ६.२ मिमी. पेनने लिहू?

आबा: लिही.